तिसऱ्या मजल्यावरचा मुख्य

आमच्या स्वयंपाकघरात मिठाच्या डब्यावर ‘मीठ’ अशी पट्टी आहे आणि साखरेच्या डब्यावर ‘मीठ नाही’ अशी. दोन्ही आत्याने चिकटवल्या. तिच्याकडे पट्ट्या छापायचं एक हातात मावेल एवढं यंत्र आहे. टकटक अक्षरं दाबायची, की कर्रर्र करत पांढरी चिकटपट्टी बाहेर येते. एकदा बाबांच्या घरातल्या चपलांवर ‘उजवी’ आणि ‘दुसरी’ असं उमटलं होतं. बाबा महिनाभर तशाच घालून फिरले. म्हणाले, ताईने लावलंय म्हणजे काहीतरी कारण असेल.

आत्या बाबांची मोठी बहीण. वय बावन्न. लग्न का केलं नाही असं विचारणाऱ्याला ती “एक मिनिट” म्हणते, आणि ते मिनिट आजवर संपलेलं नाही. तिची नक्कल करायला फार कष्ट पडत नाहीत. मान थोडी तिरकी, आवाज इस्त्री केल्यासारखा सपाट, वाक्याच्या आधी “एक मिनिट” आणि वाक्य संपलं की “बरं”. मी जेवताना करून दाखवली की आई तोंडावर हात धरते. आत्या हसत नाही. म्हणते, “एक मिनिट. मी ‘बरं’ एवढं लांबवत नाही. बरं.” आणि नेमकं तेवढंच लांबवते.

ती एका मोठ्या शुश्रूषागृहात कामाला आहे. ऑपरेशननंतर चालता येईपर्यंत म्हातारी माणसं तिथे राहतात. आई तिथेच दुसऱ्या मजल्यावर सिस्टर आहे. दोघी नणंद-भावजया एकाच बसने जातात, एकाच बसने येतात, आणि एकमेकींचं काम काय ते दोघींनाही नीट सांगता येत नाही. आई सांगायची, “वन्सं वायरी बघतात.” आत्या सांगायची, “वहिनी माणसं बघते.”

वायरी म्हणजे काय ते मला त्या आठवड्यात कळलं. त्या इमारतीत जागोजागी स्विच आहेत. दिव्याचं बटण नव्हे. चपटा लोखंडी डबा, पुढे वायरी खुपसायला चोवीस भोकं, वर लुकलुकणारे हिरवे दिवे. तिथला प्रत्येक संगणक, प्रत्येक फोन, आणि तेव्हा तीनच महिन्यांपूर्वी बसवलेली प्रत्येक खाटेजवळची बेलसुद्धा अशाच कुठल्यातरी डब्यातून बोलते. एक वायर तुटली तर खोळंबा नको म्हणून डबे एकमेकांना दोन-दोन वाटांनी जोडलेले असतात. पण दोन्ही वाटा एकदम उघड्या राहिल्या तर निरोप गोल गोल फिरत बसतो, एकाचे हजार होतात आणि सगळ्यांचाच जीव गुदमरतो. म्हणून डबे आपसांत एक मुख्य निवडतात. त्याच्याकडे जाणारी जवळची वाट उघडी ठेवायची, बाकीच्या मिटायच्या. मुख्य दर दोन सेकंदांनी बोलतो, “मी आहे.” बाकीचे ते पुढे सांगतात, “तो आहे.” दिवसरात्र एवढंच चालू असतं.

मुख्य निवडायचा नियम उलटा. ज्याचा आकडा लहान, तो मोठा. कारखान्यातून सगळे डबे सारखाच आकडा घेऊन येतात, बत्तीस हजार सातशे अडुसष्ट. सांभाळणाऱ्याने आपल्या पसंतीच्या डब्याचा आकडा कमी करायचा असतो. तो केला नाही तर बरोबरी होते आणि मग डबे जन्माचा नंबर बघतात. तो कारखान्यात कोरलेला असतो, बदलत नाही. तिथेही लहान तो मोठा, आणि लहान नंबर बहुधा जुन्या डब्याचा. म्हणजे कोणी लक्ष घातलं नाही तर घरातला सगळ्यात म्हातारा, सगळ्यात संथ डबा गुपचूप कारभार हातात घेतो, आणि कोणाला पत्ता लागत नाही.

आत्याच्या आधी हे काम एक गृहस्थ बघायचे. त्यांना सगळे मास्तर म्हणत. ते वारले आणि आठवड्याने त्यांच्या जागी आत्या लागली. तळमजल्यावरच्या तिच्या खोलीत एक दणकट डबा होता. बघताक्षणी तिने त्याच्यावर पट्टी लावली, ‘मुख्य’. अकरा वर्षं ती पट्टी तिथे होती. डब्यावर बोटभर धूळ साचली, कारण आत्या पट्ट्या लावते, पुसत काही नाही.

एका रविवारी दुपारी पाऊण वाजता सतरा नंबरच्या आजोबांनी बेल दाबली. कोणी आलं नाही. पुन्हा दाबली. मग ते स्वतःच उठले, न्हाणीघरापर्यंत गेले आणि पडले. खुब्याचं हाड मोडलं. आईला ते नऊ मिनिटांनी सापडले. संगणक सांगत होता, सतरा नंबरची बेल वाजलेलीच नाही. आजोबा सांगत होते, दोनदा दाबली. आणि आई टेबलापाशी बसली होती की नव्हती, ते सांगणारं कोणी नव्हतं.

सोमवारी तिच्या हातात कागद पडला. गुरुवारी चौकशी. हलगर्जी ठरली तर नोकरी तर जाईलच, सिस्टर म्हणून पुन्हा कुठेच उभं राहता येणार नाही. चौकशी करणार तिथले अधीक्षक. त्यांचं आमच्या घरातलं नाव ‘नोंद घ्या’. ते आधी घसा खाकरतात, मग चष्मा वर सरकवतात, मग शेजारच्या कारकुनाला म्हणतात, “नोंद घ्या.” पाऊस येईलसं वाटतं, नोंद घ्या. हा चहा गार आहे, नोंद घ्या.

त्या दिवशी मी नक्कल केली नाही. आई ताटात बोटं फिरवत बसली होती.

“मी जागेवरून हललेसुद्धा नाही, वन्सं. बेल वाजलीच नाही.”

“एक मिनिट. पाऊण वाजता?”

“पाऊण. आणि पाऊण वाजता काय, ते रोजचंच आहे. स्क्रीन थिजतो. आम्ही जेवणाचे डबे उघडतो तोवर येतो परत. सगळ्यांना माहीत आहे.”

आत्याने चमचा खाली ठेवला. “रोज?”

“रोज.”

“मला कोणी सांगितलं नाही.”

“तुम्ही तेव्हा खाली जेवत असता ना.”

“बरं,” आत्या म्हणाली. या वेळी खरंच लांबवलं.

मंगळवारी तिने एक संगणक उघडला, जो अकरा वर्षांत कोणी उघडला नव्हता. सगळे डबे आपापल्या बारीकसारीक गोष्टी तिथे लिहून पाठवतात. तिने तारखा मागे सरकवत नेल्या. रोज पाऊण वाजता एकच ओळ होती, मुख्य हरवला. तो बोलायचा थांबला की बाकीचे डबे वीस सेकंद त्याची वाट बघतात. मग अर्धं मिनिट कान टवकारून बसतात आणि नवा मुख्य धरतात. त्या पन्नास सेकंदांत मारलेली हाक कुठेच पोचत नाही. चार मिनिटांनी दुसरी ओळ, मुख्य परतला. की पुन्हा अर्धं मिनिट सगळं गप्प.

मधल्या चार मिनिटांचा मुख्य म्हणजे आत्याचा पट्टीवाला डबा. अकरा वर्षं तो रोज चारच मिनिटं मुख्य होता. उरलेला सगळा दिवस इमारत दुसऱ्याच कोणाचं तरी ऐकत होती.

“त्याचा नंबर माझ्या यादीत नाही,” आत्या रात्री जेवताना म्हणाली. “असा डबा आपल्याकडे नाहीच.”

“आणि तरी रोज पाऊण वाजता जातो?” बाबा म्हणाले. “रविवारीसुद्धा?”

“रविवारीसुद्धा. एक दिवस चुकलेला नाही.”

“अशी हजेरी तर ‘नोंद घ्या’चीपण नसेल.”

कोणी हसलं नाही. बाबांनी स्वतःच थोडं हसून घेतलं.

आत्याने त्या दुपारी आपल्या डब्याचा आकडा चार हजार शहाण्णववर आणला होता. एवढ्याने कोणीही नमतं. काही झालं नाही. मग तिने त्या न दिसणाऱ्याचा आकडा काय ते विचारलं. शून्य. तिने आपलाही शून्य केला. बरोबरी झाली, जन्माचे नंबर बघितले गेले आणि तोच जिंकला. शून्याच्या खाली आकडा नाही.

“शून्य आपोआप होत नाही, वहिनी. कोणीतरी मुद्दाम घालावा लागतो. मला कोणी हलवू नये म्हणून घालतात.”

“मग त्याची वायरच काढा ना.”

“कुठली? आणि त्याच्यामागे कोणाकोणाच्या बेली लोंबकळतायत ते न बघता? एक मिनिट. आधी त्याला भेटते.”

बुधवारी सकाळी ती भेटायला निघाली. रस्ता सोपा होता. कुठल्याही डब्याला विचारायचं, तुझा मुख्य कुठल्या भोकाच्या दिशेला आहे? डबा भोकाचा नंबर सांगतो. त्या वायरीच्या दुसऱ्या टोकाला जायचं आणि तिथल्या डब्याला तेच विचारायचं. तळमजल्याने वर बोट दाखवलं. पहिल्याने वर. दुसऱ्या मजल्यावर आईच्या टेबलामागच्या डब्यानेही वर. तिसऱ्या मजल्याच्या डब्याने चोविसाव्या भोकाकडे दाखवलं. त्यातली वायर जुन्या दातासारखी पिवळी पडलेली होती. ती छताकडे गेली, वळली आणि चादरी-अभ्रे ठेवायच्या खोलीच्या भिंतीत शिरली. पलीकडे बाहेर आली नाही.

इमारतीच्या नकाशात ती भिंत म्हणजे नुसती भिंत होती. आत्याने पावलं मोजली. चादरींची खोली आतून नऊ पावलं, बाहेरून चौदा.

चादरींच्या मांडणीमागे एक अरुंद दार निघालं. कडी घातलेली, कुलूप नुसतं लटकवलेलं. आत एकेकाळी टेलिफोनची खोली असावी. भिंतीवर तुटक्या तारांचे गुच्छ होते. एक खिडकी, तिला कागद लावलेला. अकरा वर्षांपूर्वीचं कॅलेंडर. एक खुर्ची, तिच्या पाठीवर घडी केलेला टॉवेल. एक कप, धुऊन पालथा घातलेला. आणि फळीवर तो डबा. दिवे हिरवे, शांत. बाजूला शाईने लिहिलेलं, ‘हा मुख्य आहे.’ अक्षर मास्तरांचं. तिच्या कपाटात त्यांच्या वह्या होत्या, तिने ओळखलं.

बंद पडलेल्या खोलीत काय नव्हतं, तर धूळ. कणभरही नाही. डबा नव्या भांड्यासारखा चकचकीत होता.

बारा पस्तीस झाले होते. आत्या खुर्चीत बसली, दाराकडे पाठ करून, डब्याकडे तोंड. ती सांगते की तिथे ऐकू काहीच येत नव्हतं. डब्याच्या आतला पंखा केव्हाच थांबलेला होता. पण दर दोन सेकंदांनी तो “मी आहे” म्हणतोय आणि खाली सगळी इमारत मान डोलावतेय हे माहीत असल्यावर ती शांतता काही वेगळीच होती. तिने मनात मोजायला सुरुवात केली. मी आहे. मी आहे. मी आहे.

पाऊण वाजायला मिनिट असताना मागे दार करकरलं. पावलं आत आली, सावकाश, चप्पल घासत. आणि अगदी घरातल्यासारखा आवाज आला.

“आज लवकर आलात, मास्तर.”

आत्याची मान थंड पडली. ती म्हणते की वळायचं होतं, पण मान वळेना. तोंडातून एवढंच निघालं, “एक मिनिट.”

“अगं बाई, तुम्ही होय,” आवाज म्हणाला. त्यात दचकणं नव्हतं. थोडा हिरमोड होता. “मला वाटलं ते.”

चादरींची खोली सांभाळणाऱ्या सफाईच्या मावशी होत्या. हातात बादली आणि फडका. मावशी कायम कुजबुजत बोलतात, जणू जगात सगळीकडे पेशंट झोपलेत. त्यांनी आत्याला बाजूला सरकवलं, डब्याचं बटण खटकन बंद केलं, हिरवे दिवे विझले, आणि त्या पुसायला लागल्या. वरून, बाजूने, कानाकोपऱ्यातून, आजारी माणसाचं अंग पुसावं तसं.

“मावशी, बंद का करता?”

“चालू यंत्राला ओला फडका लावायचा नाही, मास्तरांनी सांगून ठेवलंय. आधी बंद, मग पुसायचं, सुकू द्यायचं, मग चालू. पाऊण वाजता, सगळे जेवायला गेले की. कोणाचा खोळंबा नको.”

“मास्तर जाऊन अकरा वर्षं झाली.”

“हो ना.” मावशींनी फडका पिळला. “पण आता पुसू नको असं कोणी सांगितलं नाही.”

संध्याकाळी बसमध्ये आत्याने आईला सगळं सांगितलं.

“म्हणजे उद्या मावशींचं नाव घ्यायचं,” आई म्हणाली.

“घेतलं तर तू सुटतेस.”

“आणि त्या? दोन वर्षं राहिलीत त्यांची. माझ्या मजल्यावरच्या निम्म्या लोकांना त्या पाठ थोपटून झोपवतात.”

“मग तू घरी बसतेस.”

घरी आल्यावर दोघी स्वयंपाकघरात समोरासमोर बसल्या, मध्ये ‘मीठ’ आणि ‘मीठ नाही’. आई म्हणाली, “वन्सं, तुम्ही नुसत्या वायरी बघत होतात तेच बरं होतं.” आत्याचं काय चाललं होतं ते मला तेव्हा कळलं नाही. ती मनात तारखा तपासत होती.

गुरुवारी सकाळी, चौकशीच्या आधी, ती पुन्हा चादरींच्या खोलीत गेली.

“मावशी, रविवारी किती वाजता येता?”

“रविवारी मी नसते हो. मुलीकडे जाते, पलीकडच्या गावी. शनिवारी संध्याकाळची गाडी.”

“मग रविवारी डबा कोण पुसतं?”

मावशींनी चादरीची घडी पुरी केली, हाताने दाबली. “रविवार मास्तर स्वतःकडे ठेवायचे,” त्या कुजबुजल्या.

“किल्ली?”

“एकच आहे. माझ्या कमरेला. रविवारी कुलूप लावूनच जाते.”

आत्याने हजेरीपट काढला. मावशींच्या नावापुढे अकरा वर्षांतला प्रत्येक रविवार कोरा होता.

चौकशी आई सांगते आणि मी करून दाखवते. ‘नोंद घ्या’ घसा खाकरले, चष्मा वर गेला. आत्याने दोन कागद ठेवले. पहिल्यावर रविवारची ओळ, बारा पंचेचाळीस, मुख्य हरवला. दुसरा कागद सतरा नंबरच्या बेलच्या पोटातला होता. हाक पोचो न पोचो, बेल किती वेळा दाबली ते तिच्या आत राहतंच. ती दोनदा दाबली होती, अकराव्या सेकंदाला आणि चौतिसाव्या. दोन्ही त्या पन्नासांत.

“म्हणजे सिस्टरपर्यंत आवाज आलाच नाही. नोंद घ्या.” कारकुनाने घेतली. “आणि हा प्रकार अकरा वर्षं तुमच्या लक्षात आला नाही?”

“नाही. मी स्वतःच लावलेली पट्टी वाचत राहिले. माझी चूक आहे. तीही नोंद घ्या.”

“ते यंत्र त्या दिवशी बंद कोणी केलं?”

“एक मिनिट. रविवारी खोलीला कुलूप होतं. किल्ली एकच, ती त्या दिवशी पलीकडच्या गावी होती.”

“म्हणजे कोणीच नाही.”

“कोणीच नाही असं मी म्हटलं नाही. कोण ते मला माहीत नाही. बरं.”

साहेबांनी तोंड उघडलं. कारकून पेन धरून तयार. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“ही नोंद घेऊ नका,” ते म्हणाले.

आई त्याच दिवशी आपल्या मजल्यावर परत गेली. आत्याला ताकीद मिळाली. ती तिने पट्टी छापून आपल्या टेबलावर चिकटवली. त्याच संध्याकाळी तिने जुन्या डब्यातल्या वायरी एकेक करून बाहेर बसवलेल्या एका नव्या डब्यात हलवल्या, जुन्याचं बटण बंद केलं, प्लग काढला, वायरीची गुंडाळी करून त्याच्या डोक्यावर ठेवली. तळमजल्यावरचा पट्टीवाला डबा आता खराखुरा मुख्य झाला. मावशींनी विचारलं, “मग मी काय पुसू?” आत्या म्हणाली, “पुसा की हाच. आता बंद करावा लागणार नाही.”

त्यानंतर आलेल्या रविवारी आत्या सुट्टी असून गेली. किल्ली तिने शनिवारीच मागून घेतली होती. पाऊण वाजता दुसऱ्या मजल्यावर आई स्क्रीनकडे बघत बसली होती. स्क्रीन थिजला नाही. पाच मिनिटांनी तिसऱ्या मजल्यावर आत्याने कुलूप काढलं.

डबा तसाच होता, गुंडाळी डोक्यावर. खुर्ची भिंतीकडे थोडी सरकलेली. पालथा कप उताणा.

“आणि फळी ओली होती,” ती रात्री म्हणाली. “नुकताच फडका फिरवल्यासारखी. बोट लावलं तर बोट ओलं.”

“वरून गळत असेल,” बाबा म्हणाले.

“वर गच्ची आहे. महिनाभर ऊन आहे.”

“मग तुम्ही काय केलंत?” आईने विचारलं.

“काय करणार. यंत्र पर्समध्ये होतं. पट्टी लावली.”

“काय लिहिलंत?”

आत्याने आठवून, एकेक शब्द सुटा सांगितला, “‘मुख्य आता तळमजल्यावर आहे. पुसताना बंद करू नये.’”

आईने पाण्याचा पेला ओठांपासून खाली ठेवला. मी नंतर खोलीत ते वाक्य तिच्या आवाजात म्हणून बघितलं आणि दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी आईची ड्यूटी होती. पाऊण वाजला, गेला. बेली वाजत होत्या, सतरा नंबरला आलेल्या नव्या आजी तर उगाचच वाजवत होत्या. त्या खोलीची किल्ली आत्याने मागच्या रविवारपासून स्वतःकडेच ठेवली होती आणि ती देऊन तिसऱ्या मजल्यावर डोकावून यायला सांगितलं होतं, म्हणून आई चहाच्या सुट्टीत वर गेली. फळी कोरडी होती. त्यावर पातळ धूळ धरायला लागली होती.

सोमवारी सकाळी आत्याने तळमजल्यावरची आपली खोली उघडली. कुलूप तिनेच शनिवारी लावलं होतं. डबा चालू होता, दिवे हिरवे. अकरा वर्षांची धूळ नव्हती. लोखंड नव्यासारखं चमकत होतं, आणि ‘मुख्य’ या पट्टीची एक कड ओलाव्याने सुटून वर वळली होती.

आत्या म्हणते, ती थोडा वेळ दारातच उभी राहिली. मग आत गेली, जुनी पट्टी सोलून काढली, यंत्रात पुन्हा ‘मुख्य’ दाबलं आणि त्याच जागी नवी चिकटवली. खिडकीजवळची आपली खुर्ची तिने डब्यासमोर ओढून ठेवली, आणि स्वतःसाठी दुसरी मागवली.